भिरभिरे, वावडी आणि बालमंदिर



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांचे नाव मुखपृष्ठावर आहेच. त्यांचे गुणवर्णन माझ्यापेक्षा त्यांच्या हाताखालून गेलेली तुम्ही मंडळी अधिक अधिकाराने कराल. मी त्यांच्या बालवर्गातल्या एका वस्तूविषयी बोलणार आहे. ती वस्तू म्हणजे कागदाचे भिरभिरे. आयुष्यभर महाविद्यालयात मराठी काव्य शिकविलेल्या माणसाने भिरभिऱ्यावर व्याख्यान द्यावे याचे काहींना हसू येईल. खुशाल येऊ द्यावे.

विषय निवडण्यास एक निमित्त घडले. आपल्या या बडोद्यातल्या अनेक बालवर्गांतून हाताच्या कामाचा तास हळूहळू नाहीसा झाला आणि त्या जागी अक्षरे गिरविण्याचा तास आला. पालकसभेत एका तरुण वडिलांनी विचारलेला प्रश्न माझ्या कानांवर आला : "कागद फाडण्यात आणि फुंकरी मारण्यात तास कशाला घालवता? मुलगा पुढच्या वर्षी मागे पडेल." प्रश्न उद्धटपणाचा नव्हे, काळजीचा आहे. तेव्हा त्याला उपदेशाने उत्तर देऊ नये. भिरभिरे शाळेत कसे आले, कोणी आणले आणि कोणाच्या हातात दिले, एवढाच इतिहास मी सांगणार आहे.

आरंभ शब्दांपासून करतो, कारण ती माझी सवय आहे. उत्तरायणाच्या दिवशी या गावात आपण सगळे 'पतंग' म्हणतो, गुजराती शेजाऱ्यांकडून घेतलेले 'किन्ना', 'ढील', 'फिरकी' हे शब्द मराठीत बेलाशक वापरतो आणि ते योग्यच आहे. पण पतंगाला मराठीचा स्वतःचा जुना शब्द होता, 'वावडी'. एकनाथांच्या काळच्या मराठीत तो सापडतो. वावटळीतला 'वाव' तोच या वावडीत आहे. वाऱ्याची म्हणून वावडी. आज खेळ त्या नावाने कोणी खेळत नाही, पण कंड्या पिकविणाऱ्यांसंबंधी 'वावड्या उठवितात' असे आपण रोज म्हणतो. खेळणे गेले आणि वाक्प्रचार राहिला.

त्याहून जुनी साक्ष नामदेवांची. नामदेवांचा काळ १२७० ते १३५०. त्यांची एकसष्ट पदे शिखांच्या ग्रंथसाहेबात आहेत. त्यांतल्या एका पदात मुलगा कागद आणतो, कापून त्याची 'गुडी' करतो, आकाशात सोडतो आणि सोबत्यांशी गप्पा मारीत असताही मन दोरीवर ठेवतो. पुढे पाण्याच्या घागरी आणणाऱ्या मुली येतात, चरायला गेलेली पण वासरावर चित्त ठेवणारी गाय येते, आणि पाळण्यात बाळ निजवून घरकाम करणारी आई येते. भक्ताचे मन कसे असावे हे सांगण्यासाठी हे दृष्टान्त आहेत. भाष्यकार भक्तीपाशी थांबतात. मला मात्र दोन गोष्टी टिपून ठेवाव्याशा वाटतात. पहिली ही की, पतंगाचा कागद मुलाने स्वतः आणला आहे आणि स्वतः कापला आहे. तो विकत घेतलेला नाही. दुसरी ही की, पतंगाची दोरी आणि पाळण्यातले मूल एका पदात, एका दमात येतात. सातशे वर्षांपूर्वी, कागद हीच जेव्हा दुर्मिळ वस्तू होती, तेव्हाचे हे चित्र आहे.

कागद येण्यापूर्वी मुले वाऱ्याशी खेळत नव्हती असे नव्हे. रुईचे बोंड फुटून उडणारे पांढऱ्या तंतूंचे बी आपण 'म्हातारी' म्हणून पकडतो आणि फुंकर मारून पुन्हा सोडतो. त्याला ना हत्यार लागते, ना शिकवावे लागते. कोकणात आणि गोव्यात माडाच्या पातीची भिरभिरी होतात. देशावर ताडाचे किंवा दुसरे एखादे जाड पान घेऊन त्याच्या मधोमध बाभळीचा काटा खुपसतात. पिंपळाच्या पानाची पिपाणी होते. ही सर्व कामे मोठे भावंड करी आणि धाकटे ती घेऊन पळे. येथे 'करणारा' आणि 'पळणारा' यांच्यात चार-पाच वर्षांचे अंतर असे, चाळीस वर्षांचे नसे. हा मुद्दा ध्यानात ठेवावा, पुढे लागेल.

भिरभिरे ही काही आपलीच मिरास नाही. हिएरोनिमस बॉश या नेदरलंडच्या चित्रकाराचे सुमारे १५०० सालच्या आसपासचे एक चित्र व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. क्रूस वाहणाऱ्या ख्रिस्ताच्या चित्रफलकाच्या मागील बाजूस ते रंगविले आहे. त्यात एक उघडे बालक एका हाताने पांगुळगाडा ढकलीत चालले आहे आणि दुसऱ्या हातात काठीवरचे भिरभिरे आहे. त्याचा धार्मिक अर्थ विद्वानांनी पुष्कळ लावला आहे. पण चित्रकाराने मुले पाहिली होती यात शंका नाही. ज्या वयात मूल पांगुळगाड्याने चालू लागते त्याच वयात त्याच्या हाती वाऱ्याचे खेळणे द्यावे, हे युरोपातल्या आणि आपल्या आजीला सारखेच ठाऊक होते.

खेळण्याला शाळेत जागा मिळाली ती मात्र फार उशिरा. फ्रेडरिक फ्रोबेलने जर्मनीत बाड ब्लांकेनबुर्ग येथे १८३७ मध्ये बालकांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन' हे नाव दिले. त्याने लाकडी ठोकळ्यांसारख्या वस्तूंना 'देणग्या' आणि कागद दुमडणे, कापणे, विणणे अशा कामांना 'उद्योग' म्हटले. १८४४ मध्ये त्याने आयांसाठी गाण्यांचे आणि बोटांच्या खेळांचे एक सचित्र पुस्तक काढले. त्यात देवळाच्या शिखरावरच्या वातकुक्कुटाचा खेळ आहे. आईने तळहात उभा धरून वाऱ्यात कोंबडा फिरतो तसा फिरवावयाचा आणि बाळाने तिचे पाहून फिरवावयाचा. हा बालिश चाळा नव्हे, असे फ्रोबेलचे म्हणणे. वाळत घातलेले कपडे हलतात, पाने हलतात, कोंबडा फिरतो. हलविणारा मात्र दिसत नाही. दिसणाऱ्या अनेक हालचालींमागे न दिसणारे एकच कारण आहे, ही जाणीव त्याला बाळाच्या मनगटातून द्यावयाची होती. तत्त्वज्ञान बरेच जड आहे. तथापि दोन वर्षांच्या मुलाला वारा म्हणजे काय हे सांगण्याचा याहून सोपा मार्ग मला अद्याप कोणी दाखविलेला नाही.

पुढे काय झाले हेही सांगितले पाहिजे. प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये किंडरगार्टनवर बंदीच घातली; १८५२ मध्ये फ्रोबेल वारला; १८६० मध्ये बंदी उठली. शिष्यांनी पद्धती जगभर नेली, पण नेताना तिची कवायत केली. सर्वांनी एकाच वेळी कागद उचलावयाचा, एकाच वेळी घडी घालावयाची. घडी सुबक पडू लागली आणि मूल बाजूला पडले.

मारिया माँटेसोरी हिने १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले ते या कवायतीच्या विरुद्ध टोकाला. मुलाने आपल्या गतीने, आपणहून काम करावे आणि शिक्षिकेने पाहावे, हा तिचा आग्रह. परंतु तिची साधने मोजूनमापून केलेली, ठरावीक आणि महाग होती. पळत पळत फिरवायच्या भिरभिऱ्याला त्या नीटनेटक्या फळीवर जागा नव्हती.

ती जागा आपल्या भागात झाली, आणि ती एका गुजराती गृहस्थाने व एका मराठी बाईने केली. बडोद्याच्या माणसाला यातील मेळाचे वेगळे महत्त्व वाटावे. गिजुभाई बधेका हे वकील. स्वतःचा मुलगा वाढविताना माँटेसोरीचे विचार त्यांच्या वाचनात आले. १९१६ मध्ये ते वकिली सोडून भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले आणि १९२० मध्ये त्यांनी तेथे बालमंदिर काढले. थोड्याच वर्षांत ते तख्तेश्वराच्या टेकडीवर गेले. माँटेसोरीचा गाभा त्यांनी घेतला, पण तिच्या व्यवस्थेत न बसणाऱ्या कितीतरी गोष्टी आत येऊ दिल्या : गोष्टी, गाणी, नाटके, माती, बागकाम, भटकंती. या मिशीवाल्या गृहस्थाला लोकांनी 'मूछाळी मा' हे नाव दिले. १९२३ मध्ये ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाईंनी मुंबईत दादरला १९३६ मध्ये शिशुविहार सुरू केले. १९३९ मध्ये गिजुभाई गेले.

तोवर बालशिक्षण ही शहरातल्या सुखवस्तू घरांची गोष्ट होती. खरी परीक्षा १९४५ मध्ये झाली. त्या वर्षी ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुले शाळेत येईनात, म्हणून शाळा मुलांच्या अंगणात गेली. 'अंगणवाडी' हा शब्द आणि ती कल्पना तेथली. १९५७ मध्ये केंद्र डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. तेथील मुले गुरे राखीत. मग कुरणातच शाळा भरविली, ती 'कुरणशाळा'. महाग साधने घेणे शक्य नव्हते आणि ताराबाईंना ते इष्टही वाटत नव्हते. शिंपले, खडे, बिया, पाने, माती यांवर काम चालले. 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे अनुताईंचे पुस्तक आपल्या ग्रंथालयात असावयास हवे.

मला येथे एक उलटापालट दिसते. फ्रोबेलच्या शाळेतून वस्तू मुलाकडे येत होती. कोसबाडला मुलाच्या हातातली वस्तू शाळेत आली. ताडाच्या झाडांत वाढलेल्या वारली मुलाला पान वाऱ्यावर कसे फिरते हे शिकवायला बाईंची गरज नव्हती. त्याचा बाप भोपळा आणि बांबू यांचा तारपा फुंकत होता. वारा पोकळीत कोंडला की तो बोलतो हे मुलाने नाचताना ऐकलेले होते. बाईंचे काम एवढेच की, त्याला जे येते ते 'येणे' आहे असे मानायचे. ऐकायला हे सोपे वाटते. शिक्षणाच्या इतिहासात ते फारच थोड्यांना साधले.

आता थोडे बडोद्याविषयी. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत केला आणि १९०६ मध्ये तो सर्व राज्याला लागू केला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या कायद्यातली वये मात्र सांगत नाही : मुलगे सात ते बारा, मुली सात ते दहा. म्हणजे सात वर्षांखालचे मूल सरकारच्या दृष्टीने अजून घरचे, अंगणाचे होते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात वय सहा झाले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने पायाभूत टप्पा तिसऱ्या वर्षापासून धरला. वय खाली आले याचा मला आनंद आहे. कोसबाडच्या दोघींनाही झाला असता. पण वयाबरोबर पाटीही खाली आली. धोरणात खेळ लिहिलेला आहे आणि वर्गात गिरविण्याची वही आहे. वर उल्लेखिलेल्या पालकांची काळजी या वहीतून जन्मली आहे.

मी १९५० च्या दशकात रावपुऱ्याजवळच्या वाड्यात वाढलो. आमच्याकडे भिरभिरे आत्या करी. मागच्या वर्षाच्या दिनदर्शिकेचे पान, बाभळीचा काटा, बाजरीचे वाळलेले ताट. काट्यात आधी तुळशीच्या तुटक्या माळेतला एक मणी ओवायचा. हा मणी कशाला, असे विचारले तर ती म्हणे, "त्याशिवाय ते रुसतं." पुढे कळले की मण्याने कागद काठीला घासत नाही. तिची भाषा मला आजही अधिक बरोबर वाटते.

ज्या बाईंचे हे व्याख्यान, त्यांनी हेच काम वयानुसार वेगळे केले होते, आणि हा भाग मी जरा विस्ताराने सांगतो, कारण त्यात शास्त्र आहे. दीड-दोन वर्षांच्या मुलाला काही 'करायला' देत नसत. त्याला फुंकर मारता येत नाही. तो पुष्कळदा हवा आत ओढतो. म्हणून त्याच्यासमोर तळहातावर पिसाचा तुकडा धरायचा. तो हलला की मूल आपल्या श्वासाकडे प्रथमच लक्ष देते. दोन वर्षांनंतर पतंगाचा पातळ कागद फाडायला द्यायचा. फाडणे हे क्षुद्र काम नव्हे. दोन हातांनी दोन विरुद्ध दिशांना जायचे असते, आणि ते या वयाला अवघड असते. या फाडलेल्या पट्ट्या खळीने एका लाकडी बांगडीला चिकटविल्या की झिरमिळ्या झाल्या. त्या घेऊन मूल पळते. वारा असो वा नसो, पट्ट्या मागे उडतात. वारा नसेल तर पळून करता येतो हा शोध ज्याचा त्याला लागतो. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास कागदाच्या लहान पिशवीच्या तोंडाला हातभर सुती दोरा बांधायचा. पिशवी फुगते आणि मागे तरंगते. दोरा हातभरच, कारण लांब दोरा गळ्यात गुंततो. मांजा तर कधीच नाही. सिंथेटिक मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. बाईंनी ती आपल्या वर्गापुरती कितीतरी आधी घातली होती.

भिरभिरे शेवटी. चौकोनी कागदाच्या दोन तिरप्या घड्या मुलाने घालायच्या, चार कोपऱ्यांकडून मध्यापर्यंत न पोचणारे चार काप बाईंनी द्यायचे, एक सोडून एक टोक मुलाने मध्यावर आणायचे, टाचणी बाईंनी लावायची आणि तिचे टोक खोडरबरात बुजवायचे. टोके वळल्याने चार खोलगट पंखे होतात, वारा प्रत्येकाच्या एकाच बाजूने धरला जातो आणि म्हणून चक्र एकाच दिशेला फिरते. मुलाची घडी वाकडी पडली तर भिरभिरे अडखळत फिरे. बाई ती घडी दुरुस्त करीत नसत. "तुझं लंगडं आहे, पण पळतंय," म्हणत. त्या मुलांपैकी काहीजण आज या सभागृहात बसले आहेत. त्यांना हे आठवत असेल.

याच्या उलट आज मी जे पाहतो ते असे. स्नेहसंमेलनाच्या दिवशी बालवर्गाच्या फलकावर तीस भिरभिरी, सर्व एकाच आकाराची, एकाच चकचकीत कागदाची, ओळीने चिकटविलेली. चिकटविलेली असल्याने ती फिरत नाहीत. शिक्षिका रात्री जागून ती करतात, हे मला ठाऊक आहे आणि दोष मी त्यांना देत नाही. पालकांना सुबक वस्तू पाहावयाची असते आणि संस्थेला पालक हवे असतात. मराठी वर्गाला तर ते फारच हवे असतात. पण तीस मुलांच्या नावाने एका प्रौढ हाताने केलेल्या तीस वस्तू हा फ्रोबेलच्या शिष्यांच्या कवायतीहूनही पुढचा टप्पा आहे. कवायतीत निदान घडी तरी मूल घालीत होते.

उलट दिशेने काम करणारेही झाले. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी तेहतीस प्रकल्पांत सुरू झाली आणि कोसबाडचा 'अंगणवाडी' शब्द देशाच्या कारभारात गेला. एवढा दूर गेलेला मराठी मुलुखातला दुसरा शैक्षणिक शब्द मला सांगता येणार नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील सुदर्शन खन्ना यांनी जत्रांतून, खेड्यांतून विकली जाणारी फिरती, वाजती, उडती खेळणी गोळा करून १९८३ मध्ये त्यांवर पुस्तक केले. गवताच्या पेंढ्यात भिरभिरी खोचून हिंडणाऱ्या फेरीवाल्याला यंत्रशास्त्र कळते, हे एका डिझाइनच्या अध्यापकाने लिहून ठेवले, ही मोठी गोष्ट झाली. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंची खेळणी पुण्याच्या आयुकात बसून हजारो मुलांपर्यंत पोचविली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

२०२२ मध्ये पायाभूत टप्प्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये 'जादुई पिटारा' या नावाने खेळण्यांची व साधनांची पेटी प्रकाशित झाली. हेतू उत्तम आहे. मात्र पेटी म्हटली की इतिहासाच्या विद्यार्थ्याला फ्रोबेलच्या देणग्या आणि माँटेसोरीच्या फळ्या आठवतात. पेटी आली की ती कुलुपात जाते, यादीत चढते, हरवू नये म्हणून मुलांच्या हाती येत नाही. रुईची म्हातारी यादीत चढविता येत नाही, हे तिचे भाग्य.

जूनमध्ये नव्या वर्षाचे वेळापत्रक ठरेल. बालवर्गाचा शेवटचा अर्धा तास हाताच्या कामाला राखून ठेवावा आणि केलेली वस्तू फलकावर न लावता मुलाबरोबर घरी जाऊ द्यावी, असा लेखी विनंतीअर्ज मी संचालक मंडळाकडे दिला आहे. त्यात खर्चाचा अंदाजही जोडला आहे. भिंतीवरच्या मोठ्या दिनदर्शिकेच्या एका पानात पाऊण वीत बाजूची सहा भिरभिरी बसतात. तीस मुलांना पाच पाने लागतात. सहावे पान घडी चुकलेल्यांसाठी उरते.